‘आलो असतो’ फ्रेंचमध्ये: वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी फ्रेंच संकेतार्थाच्या वर्तमानकाळाविषयी लिहिताना मी ओघात म्हणून गेलो होतो की, त्याचा भूतकाळ याहूनही सोपा आहे. त्यानंतर आलेल्या पत्रांचा सूर पाहता ते वाक्य बऱ्याच जणांना झोंबलेले दिसते. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच रूपाला देत आहे. फ्रेंच व्याकरणात त्याला ‘काँदिसियोनेल पासे’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘आलो असतो’, ‘केले असते’, ‘सांगितले नसते’ या घराण्यातली ही रूपे होत. नेहमीप्रमाणे फ्रेंच शब्द उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत आणि जेथे न उच्चारले जाणारे एखादे अक्षर महत्त्वाचे आहे, तेथे ते वेगळे सांगितले आहे. एक सूचना मात्र आधीच करतो: पुढे ‘नू-जोरियों’ यासारख्या रूपांत जो ‘ज’ येतो, तो ‘जहाज’मधला ज आहे, ‘जीवन’मधला नव्हे.

प्रश्न: मी बँकेतून निवृत्त झालो असून नातीबरोबर फ्रेंच शिकत आहे. वर्तमानकाळातच ‘झीरे’, ‘झ फरे’, ‘झ वेरे’ अशी प्रत्येक क्रियापदाची निराळी तऱ्हा पाठ करता करता दमछाक झाली. भूतकाळ त्याहून सोपा कसा असेल? एखादे क्रियापद पूर्ण चालवून दाखवावे. (सोलापूर)

उत्तर: सोपा अशासाठी की, ज्या तऱ्हांनी आपली दमछाक केली त्या येथे लागतच नाहीत. संकेतार्थाच्या वर्तमानकाळात प्रत्येक क्रियापद स्वतः चालते. भूतकाळात ते एका जागी बसून राहते आणि चालण्याचे काम साहाय्यक क्रियापद करते. साहाय्यक क्रियापदे दोनच आहेत, ‘आव्वार’ (जवळ असणे, बाळगणे) आणि ‘एत्र’ (असणे). त्यांची संकेतार्थी वर्तमानकाळाची रूपे एकदा तोंडी बसली की, भाषेतल्या हजारो क्रियापदांसाठी तेवढी भांडवल म्हणून पुरतात. मुख्य क्रियापदाचे फक्त भूतकाळवाचक कृदन्त, म्हणजे ‘पार्तिसीप पासे’, माहीत असावे लागते, आणि ते आपल्याला ‘पासे काँपोझे’, म्हणजे ‘आलो’, ‘केले’सारखा भूतकाळ, शिकतानाच येऊन गेलेले आहे.

‘फिनीर’ म्हणजे संपविणे हे क्रियापद घेऊ. त्याचे कृदन्त ‘फिनी’, आणि साहाय्यक ‘आव्वार’. मी संपविले असते: झोरे फिनी. तू संपविले असतेस: त्यू ओरे फिनी. त्याने किंवा तिने संपविले असते: इल ओरे फिनी, एल ओरे फिनी. आम्ही संपविले असते: नू-जोरियों फिनी. तुम्ही संपविले असते: वू-जोरिये फिनी. त्यांनी संपविले असते: इल-जोरे फिनी. सहा पुरुषवचनांसाठी साहाय्यकाचे कानाला जाणवणारे उच्चार तीनच आहेत: ओरे, ओरियों, ओरिये. लिहिताना मात्र सावध राहावे लागते, कारण ‘ओरे’ चार ठिकाणी येते आणि तीन प्रकारे लिहिले जाते. मी आणि तू यांच्यासाठी त्याच्या शेवटी ए-आय-एस ही अक्षरे येतात, तो आणि ती यांच्यासाठी ए-आय-टी, आणि ते व त्या यांच्यासाठी ए-आय-ई-एन-टी. ‘त्याने’ आणि ‘त्यांनी’ यांतला फरक बोलताना केवळ त्या जोडणाऱ्या ज-मुळे कळतो: ‘इल ओरे’ म्हणजे त्याने, ‘इल-जोरे’ म्हणजे त्यांनी. ‘एत्र’च्या बाबतीत तेवढाही आधार उरत नाही, कारण त्याचे ‘सरे’ हे रूप व्यंजनाने सुरू होते. मग एक गेला असता की दहा गेले असते, हे संदर्भावरूनच ओळखायचे.

आता या रूपाच्या आत थोडे डोकावू. ‘ओरे’चे मूळ भविष्यकाळातून आलेले आहे (झोरे म्हणजे माझ्याकडे असेल, यातले) आणि त्याचा प्रत्यय अपूर्ण भूतकाळाचा, म्हणजे ‘अँपार्फे’चा आहे. भविष्याच्या अंगावर भूतकाळाचा अंगरखा चढविला की फ्रेंच संकेतार्थ तयार होतो. याचा उगम लॅटिनच्या बोलीत आहे: मूळ धातूच्या रूपापुढे ‘असणे-बाळगणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा वर्तमानकाळ जोडून भविष्यकाळ झाला आणि त्याच क्रियापदाचा अपूर्ण भूतकाळ जोडून संकेतार्थ झाला. आपल्या ‘असतो’मधला ‘त’ही जुन्या वर्तमानकालवाचक कृदन्ताचा अवशेष आहे. म्हणजे जे घडले नाही ते सांगण्यासाठी दोन्ही भाषांनी ‘अजून पुरे न झालेले’ रूपच हाताशी धरले.

शब्दांचा क्रम मात्र उलटा आहे. आपण ‘संपविले असते’ म्हणतो, फ्रेंच माणूस ‘असते संपविले’ म्हणतो. नकार करताना आपल्याला ‘नसते’ हा एकच शब्द पुरतो. फ्रेंचमध्ये ‘न’ साहाय्यकाच्या आधी आणि ‘पा’ साहाय्यकाच्या नंतर, कृदन्ताच्या आधी येतो: झ नोरे पा फिनी. आपल्यापैकी पुष्कळ जण ‘पा’ वाक्याच्या शेवटी नेऊन ठेवतात, कारण मराठी कानाला नकार शेवटी लागतो.

कृदन्तांविषयी लांबण लावत नाही. ‘ए’कारान्त उच्चाराच्या क्रियापदांचे कृदन्त ‘ए’, ‘ईर’वाल्या बहुतेकांचे ‘ई’, ‘र’ने संपणाऱ्या बऱ्याच जणांचे ‘यू’, आणि उरलेली वीस-पंचवीस पाठच करावी लागतात: फे, दी, मी, प्री, व्यू, प्यू, ल्यू, ब्यू. त्यांतले ‘द्यू’, म्हणजे ‘दव्वार’चे कृदन्त, लिहिताना पुल्लिंगी एकवचनात यू-वर टोपी असते आणि इतर रूपांत ती निघून जाते. आणखी एक गोष्ट नातीलाही सांगा: ‘एत्र’ स्वतः आव्वारच्या मदतीने चालते. ‘मी असतो’ याच्या भूतकाळासाठी ‘झोरे एते’ म्हणायचे. ‘झ सरे एते’ असे रूप फ्रेंचमध्ये नाही.

प्रश्न: मी फ्रेंचच्या बी-२ पातळीच्या परीक्षेची तयारी करीत आहे. निबंधात मी ‘सी झोरे स्यू, झोरे वन्यू’ असे लिहिले, तर आमच्या बाईंनी एका वाक्यात दोन चुका दाखवून लाल शाईने पान रंगविले. ‘मला कळले असते तर मी आले असते’, असे मराठीत म्हणताना दोन्हीकडे ‘असते’ येते. मग फ्रेंचमध्ये एका बाजूला चालते आणि दुसऱ्या बाजूला का चालत नाही? (नाशिक)

उत्तर: तुमच्या बाईंचे बरोबर आहे, आणि तुमचा प्रश्नही योग्य आहे. किंबहुना मराठी माणसाने या रूपाबाबत विचारावा असा खरा प्रश्न हाच आहे. रूपे चालविण्यात आपण क्वचितच अडखळतो. आपण पडतो ते ‘जर’च्या उंबरठ्यावर.

मराठीत अट आणि तिचे फळ या दोन्ही वाक्यांना एकच रूप चालते: ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते.’ शाळेत संकेतार्थाचे उदाहरण म्हणून हे वाक्य आपण घोकलेले आहे. फ्रेंच मात्र या दोघांना एका पंगतीला बसवीत नाही. तिच्या लेखी संकेतार्थ हा फक्त फळाचा, ‘तर’च्या बाजूचा. अट ही आपण मनातल्या मनात मागे जाऊन घडलेली मानतो, म्हणून ती ‘प्ल्यूस-क-पार्फे’त, म्हणजे आपल्या ‘आला होता’सारख्या पूर्ण भूतकाळात सांगायची. म्हणून तुमचे वाक्य असे होईल: सी झावे स्यू, झ सरे वन्यू. शब्दशः ते ‘मला कळले होते तर मी आले असते’ असे होते. मराठीला ते खटकते, फ्रेंचला तेच हवे असते. तुमची दुसरी चूक ‘झोरे वन्यू’ ही होती: ‘वनीर’ला आव्वार नव्हे, एत्र लागते. शिवाय तुम्ही विद्यार्थिनी असल्याने ‘वन्यू’च्या शेवटी न उच्चारला जाणारा ‘ई’ लिहायला हवा. बाईंनी दोनच चुका दाखविल्या, ही त्यांची मेहेरबानी समजा.

फ्रान्समधल्या शाळकरी मुलांनाही हे जड जाते, यात काही नवल नाही. त्यांच्यासाठी शिक्षकांनी एक यमक करून ठेवले आहे: ‘ले सी नेम पा ले रे’, म्हणजे ‘सी’ला ‘रे’ आवडत नाहीत. त्यात श्लेष असा की, ‘सी’ म्हणजे करवतही होते आणि ‘रे’ म्हणजे पाकट मासाही होतो. करवतीला पाकट आवडत नाही, हे एकदा डोळ्यांपुढे आणले की ‘सी’नंतर ‘ओरे’ लिहिताना हात आपोआप थबकतो. कोकणातल्या वाचकांना हे चित्र विशेष लवकर पटेल.

आता याला एक पोटनियम आहे, आणि परीक्षेत तोच घात करतो. ‘सी’ नेहमीच ‘जर’ नसते. ‘ती आली असती का, असा मला प्रश्न पडतो’, हे फ्रेंचमध्ये ‘झ म दमाँद सी एल सरे वन्यू’ असे होते, आणि येथे ‘सी’च्या पाठोपाठ ‘सरे’ येऊनही वाक्य निर्दोष आहे. कारण हे ‘सी’ प्रश्नाचे आहे, अटीचे नाही. ओळखण्यासाठी मराठीच वापरा: ‘सी’च्या जागी ‘जर’ बसत असेल तर ‘रे’ वर्ज्य, आणि ‘का’ किंवा ‘की नाही’ बसत असेल तर ‘रे’ला मोकळीक. उलट ‘ओ का ऊ’, म्हणजे ‘न जाणो तसे झाले असेल तर’, या शब्दप्रयोगानंतर अर्थ अटीचाच असूनही संकेतार्थच लागतो: ‘ओ का ऊ ल त्रँ ओरे यू द्यू रतार’, गाडीला उशीर झाला असेलच तर. त्यामागे तर्क शोधत बसू नका. ‘सी’ नाही म्हणून बंदी नाही, इतकेच लक्षात ठेवा.

मिश्र वाक्यांत तर मराठी आपल्याला आयती मदत करते. ‘नीट अभ्यास केला असता तर आज डॉक्टर असतो’ आणि ‘नीट अभ्यास केला असता तर तेव्हाच डॉक्टर झालो असतो’ यांतला फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. नुसते ‘असतो’ म्हणजे आजची, न उतरलेली स्थिती. तेथे फ्रेंचमध्येही संकेतार्थाचा वर्तमानकाळ, ‘झ सरे’. कृदन्तासह ‘झालो असतो’ म्हणजे तेव्हा न घडलेली घटना; तेथे ‘झ सरे दवन्यू’. अट दोन्हीकडे तीच, पूर्ण भूतकाळात.

जाता जाता: असल्या जर-तरच्या गोष्टींवर आपण ‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटले असते’ असे म्हणून हात झटकतो. फ्रेंच लोक म्हणतात, ‘सी’ असले की अख्खे पॅरिस बाटलीत भरता येईल.

प्रश्न: आव्वार कधी आणि एत्र कधी, हे ठरविण्यासाठी शिकवणीत आम्हाला घराचे चित्र दाखविले: दारातून येणारा, जिना चढणारा, खाली पडणारा माणूस. चित्र लक्षात राहते, पण वाक्य लिहिताना उपयोगी पडत नाही. मी शाळेत मराठी शिकविते. मराठीतून काही कसोटी सांगता येईल काय? (रत्नागिरी)

उत्तर: येईल, आणि आपण मराठीच्या शिक्षिका असल्याने आपल्याला ती इतरांपेक्षा अधिक आवडेल. वाक्य तृतीय पुरुषात, स्त्रीलिंगी कर्ता घेऊन मराठीत म्हणून पाहा आणि कर्त्याला ‘ने’ लागतो का ते बघा. ‘ती गेली असती’, ‘ती आली असती’, ‘ती पडली असती’, ‘ती जन्मली असती’: येथे ‘ने’ नाही, आणि फ्रेंचमध्येही एत्र: एल सरे आले, एल सरे वन्यू, एल सरे तोंबे, एल सरे ने. ‘तिने चिठ्ठी लिहिली असती’, ‘तिने दार उघडले असते’: येथे ‘ने’ आहे, आणि फ्रेंचमध्ये आव्वार. तृतीय पुरुषाचा आग्रह अशासाठी की, ‘मी’ आणि ‘तू’ यांना प्रमाण मराठीत ‘ने’ लागत नाही, आणि कसोटी तेथेच निकामी होते.

या कसोटीची गंमत घरातल्या जिन्यावरच दिसते. ‘ती खाली उतरली असती’ याला ‘एल सरे देसाँद्यू’. पण ‘तिने पेटी खाली उतरविली असती’ याला ‘एल ओरे देसाँद्यू ला वालीज’. फ्रेंचमध्ये क्रियापद तेच, फक्त कर्म आले म्हणून साहाय्यक बदलले. मराठीने तर त्यासाठी क्रियापदच प्रयोजक केले आणि कर्त्याला ‘ने’ चिकटविला. चढणे, बाहेर पडणे, आत येणे, परतणे या अर्थांच्या फ्रेंच क्रियापदांचेही असेच आहे. घराच्या चित्रात नेमकी हीच गोष्ट दिसत नाही.

पण कसोटीवर आंधळा विश्वास ठेवू नका. ‘ने’ असेल तर आव्वार, हे बहुधा खरे ठरते. ‘ने’ नसेल तर एत्र, हे मात्र मुळीच खरे नाही. ती झोपली असती, ती हसली असती, ती धावली असती, ती जेवली असती या सगळ्यांत ‘ने’ नाही, तरी फ्रेंचमध्ये आव्वारच लागते. शिवाय मराठीत बोलणे, शिकणे, विसरणे, पिणे ही कर्म घेणारी क्रियापदे ‘ने’ला दारात उभे करीत नाहीत (‘ती चहा प्याली असती’, ‘ती फ्रेंच शिकली असती’), आणि फ्रेंचला आपल्या या लाडक्या अपवादांशी काही देणेघेणे नाही. उलट बाजूने, स्वतःवरच उलटणारी क्रियापदे नेहमी एत्र घेतात; ‘त्याने दाढी केली असती’ यात ‘ने’ असूनही फ्रेंचमध्ये ‘इल स सरे राजे’ म्हणावे लागते. तेव्हा गणित असे मांडा: आधी क्रियापद स्वतःवर उलटणारे आहे का ते पाहा, मग कर्म आहे का ते पाहा, आणि मग उरलेल्या पंधरा-सोळा येण्याजाण्याच्या, जन्ममृत्यूच्या क्रियापदांची यादी आठवा.

कृदन्ताच्या जुळणीबद्दल आपण विचारले नाही, पण ती याच धाग्याला बांधलेली आहे. एत्रबरोबर कृदन्त कर्त्याशी जुळते: तो ‘पार्ती’, ती ‘पार्ती’च, पण शेवटी ‘ई’ जास्त. हे ‘गेला असता, गेली असती’सारखेच झाले. आव्वारबरोबर ते कर्त्याशी कधीच जुळत नाही. कर्म आधी येऊन गेले असेल तरच कर्माशी जुळते. ‘तिने चिठ्ठी लिहिली असती’ याला ‘एल ओरे एक्री युन लेत्र’, येथे कर्म मागून आले म्हणून कृदन्त जसेच्या तसे. ‘तिने लिहिली असती ती चिठ्ठी’ याला ‘ला लेत्र केल ओरे एक्रीत’, येथे चिठ्ठी आधी आली, ती स्त्रीलिंगी आहे, आणि शेवटचा ‘त’ चक्क ऐकू येतो. आपल्या कर्मणी प्रयोगात कर्म कोठेही असले तरी ‘लिहिली’च होते; फ्रेंचने तेवढाच नियम अर्धवट पाळला आहे. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियनचा दाखला देऊन या जुळणीचा पुरस्कार केला, आणि तेव्हापासून फ्रेंच विद्यार्थी त्याच्या नावाने बोटे मोडीत आले आहेत. मला विचाराल तर ज्याने दहा वर्षे ‘रामाने रोटी खाल्ली, रामाने आंबा खाल्ला’ केले आहे, त्याने याबद्दल तक्रार करू नये.

प्रश्न: मी फ्रेंच बातम्यांचा मराठी सारांश करण्याचे काम करतो. ‘ल मिनिस्त्र ओरे देमिसियोने’ या वाक्याचा मी ‘मंत्र्याने राजीनामा दिला असता’ असा अनुवाद केला. वरिष्ठांनी तो नापसंत केला, पण कारण सांगितले नाही. (पुणे)

उत्तर: कारण मी सांगतो, कारण हीच चूक करून मी एकदा चारचौघांत बोलणी खाल्ली आहेत. उमेदीच्या दिवसांत एका ठिकाणी भाषांतरे करीत असताना माझ्यापुढे एक ओळ आली: ‘ल्यूजीन ओरे लिसाँसिये द साँ-जूव्रिये.’ मी नुकताच संकेतार्थ शिकलो होतो, तेव्हा आत्मविश्वासाने लिहिले, ‘कारखान्याने दोनशे कामगारांना काढून टाकले असते.’ मजकूर तपासणाऱ्या गृहस्थांना फ्रेंचचे अक्षरही येत नव्हते. त्यांनी पेन्सिलीने ‘असते’खाली रेघ मारली आणि विचारले, ‘तर? तर कुठे आहे?’ मी मूळ वाक्यात ‘तर’ शोधला. तो नव्हताच.

त्या प्रश्नातच सगळे उत्तर आहे. फ्रेंच वृत्तपत्रे संकेतार्थाच्या भूतकाळाचा उपयोग ऐकीव बातमीसाठी करतात. ज्या घटनेची बातमीदाराने स्वतः खातरजमा केलेली नाही, जी कोणाच्या तरी सांगण्यावरून दिली आहे, ती ‘आ’ऐवजी ‘ओरे’ लावून सांगायची, म्हणजे जबाबदारी आपल्या अंगावर येत नाही. मराठीत हे काम ‘असते’ कधीच करीत नाही. बोलीत ते ‘म्हणे’ करते: ‘कारखान्याने म्हणे दोनशे कामगार काढले.’ लेखी मराठीत ‘काढून टाकल्याचे समजते’, ‘काढून टाकल्याचे वृत्त आहे’ असे लिहावे लागते. म्हणून आपले वाक्य ‘मंत्र्याने राजीनामा दिल्याचे समजते’ असे हवे. ‘दिला असता’ने अर्थ नेमका उलटा होतो: वाचक समजतो की, राजीनामा दिलाच गेला नाही.

गुन्ह्यांच्या बातम्यांत ही चूक अधिक महागात पडते. ‘इल ओरे वोले’ म्हणजे ‘त्याने चोरी केली असती’ नव्हे, आणि ‘त्याने चोरी केली’ तर नव्हेच. ‘त्याने चोरी केल्याचा आरोप आहे’ किंवा ‘केल्याचे सांगितले जाते’ असे लिहावे. वाक्यात किंवा आसपास ‘सलों’, म्हणजे ‘अमुकच्या म्हणण्यानुसार’, हा शब्द दिसला तर शंकाच नको.

याच्या शेजारी एक तिसरे रूप उभे असते, तेही पारखून घ्या. ‘मिनिस्त्र आ देमिसियोने’: दिला. ‘मिनिस्त्र ओरे देमिसियोने’: दिला म्हणे. ‘मिनिस्त्र ओरा देमिसियोने’: दिला असेल, हा बोलणाऱ्याचा स्वतःचा अंदाज. शेवटच्या स्वराचा काय तो फरक, पण पहिला माणूस सांगतो आहे, दुसरा कोणाचे तरी ऐकून सांगतो आहे, आणि तिसरा बसल्या बसल्या तर्क करतो आहे. ‘दिला असावा’ हे तिसऱ्यासाठी राखून ठेवा. दुसऱ्यासाठी ते वापरणारे अनुवादक फार भेटतात.

प्रश्न: लग्नानंतर मी लियोंला राहते. आमच्या मजल्यावरच्या आजी परवा मला दारात म्हणाल्या, ‘वू-जोरिये प्यू म प्रेवनीर.’ मी शब्दकोश काढून ‘तुम्ही मला कळवू शकला असता’ असा अर्थ लावला आणि हसून ‘वी’ (हो) म्हणाले. त्या न बोलता निघून गेल्या. त्या रागावल्या होत्या काय? (लियों, फ्रान्स)

उत्तर: होय, रागावल्या होत्या, आणि ‘वी’ने त्यात भरच पडली असेल. त्या वाक्याचे खरे मराठी आहे, ‘अहो, मला आधी सांगायचे तरी!’ ‘पूव्वार’ (शकणे) आणि ‘दव्वार’ (करायला हवे असणे) या दोन क्रियापदांचा संकेतार्थी भूतकाळ फ्रेंचमध्ये प्रामुख्याने ठपका किंवा पश्चात्ताप सांगतो. ‘त्यू ओरे प्यू तेलेफोने’ म्हणजे ‘फोन तरी करायचास!’ ‘त्यू ओरे द्यू म ल दीर’ म्हणजे ‘मला सांगायला हवे होतेस.’ लक्षात घ्या की, या ठिकाणी मराठी ‘असते’ टाकून ‘होते’कडे आणि ‘-यचे’कडे वळते. ‘कळवू शकला असता’ हे मराठी नाही, शब्दकोशाची सावली आहे. आजींकडे जाऊन ‘झोरे द्यू वू प्रेवनीर’ एवढे म्हणा, ‘मी तुम्हाला कळवायलाच हवे होते’, काम होईल.

हेच रूप आदबीसाठीही येते, आणि तेथे घाबरण्याचे कारण नाही. दुकानात किंवा कचेरीत ‘झोरे वूल्यू अं राँसेन्यमाँ’ असे म्हणतात, तेव्हा त्यामागे कोणतीही न पुरी झालेली इच्छा नसते. आपणही खिडकीपाशी उभे राहून ‘जरा माहिती हवी होती’ असेच म्हणतो. माहिती आत्ता हवी असते, पण मागणी भूतकाळात ढकलली की ती अंगावर येत नाही.

पत्र लिहिताना एक पथ्य पाळा. ‘मला यायला आवडले असते’ याला ‘झोरे एमे वनीर’ म्हणतात, आणि या ‘झोरे’च्या शेवटी एस हवा. एस नसेल तर ते भविष्यकाळातले रूप होते. दोन्हींचा उच्चार आज बऱ्याच फ्रेंच लोकांच्या तोंडी एकच झाला आहे, त्यामुळे हा एस फ्रेंच माणसांच्या पत्रांतूनही सर्रास गळतो. त्यांना शाळेत सांगतात की, ‘झ’च्या जागी ‘नू’ घालून पाहा: ‘नू-जोरियों’ येत असेल तर एस लिहा, ‘नू-जोरों’ येत असेल तर लिहू नका. आपल्याला तेवढेही करायला नको. मनात ‘असते’ आले की एस, ‘असेल’ आले की नाही.

प्रश्न: आजोबांच्या संग्रहातल्या जुन्या फ्रेंच व्याकरणात याच काळाची ‘दुसरी तऱ्हा’ म्हणून वेगळी रूपे दिली आहेत: ‘झ्यूस एमे’, ‘इल यू-तेते’ वगैरे. तीही पाठ करावीत काय? (औरंगाबाद)

उत्तर: करू नका. ती मुळात संभावनार्थाच्या, म्हणजे इच्छा-शंका सांगणाऱ्या रूपांच्या, पूर्ण भूतकाळाची रूपे आहेत आणि जुन्या लेखनात ती संकेतार्थाच्या जागी वापरली जात; म्हणून जुन्या पुस्तकांनी त्यांना येथे जागा दिली. त्यांचे एक वैशिष्ट्य सांगण्याजोगे आहे: ही तऱ्हा ‘सी’ची बंदी मानीत नाही. अट आणि फळ या दोन्हीकडे ‘यू’ लावलेले वाक्य अभिजात फ्रेंचमध्ये बिनतक्रार चालते. म्हणजे नाशिकच्या विद्यार्थिनीला हवी होती तशी, मराठी वळणाची ‘दोन्हीकडे असते’ अशी रचना फ्रेंचमध्ये एके काळी होती. वाचताना ती ओळखता यावी, इतपत पुरे. ‘तो-ती’च्या रूपात यू-वर टोपी दिसली आणि पुढे कृदन्त आले की, तेथे ‘असते’ वाचा आणि पुढे चला. परीक्षेच्या निबंधात मात्र ती लिहू नये. तपासनीस गुण कापणार नाही कदाचित, पण त्याला ते पेशवाईतले बखरीचे वाक्य भेटल्यासारखे वाटेल.